1947 साली डॉलर एका रुपयाला मिळत नव्हता

'1947 साली एक रुपया म्हणजे एक डॉलर होता, कारण देशावर कर्ज नव्हतं. दहा ग्रॅम सोनं 88 रुपयांना मिळायचं. महागाई कुणाला माहीत नव्हती. पैशाची किंमत अशी मातीमोल झाली आहे, म्हणून बँकेतल्या ठेवी मोडा आणि सोनं घ्या.' हा मजकूर व्हॉट्सॅपवर कित्येक वर्षं फिरतोय. मी सोडून देत आले. पण परवा निवृत्त झालेल्या मामांनी तो मला पाठवला आणि खाली विचारलं, 'ठेव मोडू का गं?' आता उत्तर देणं भाग आहे.

आधी डॉलरचं. हे धादांत खोटं आहे. तेव्हा रुपया पौंडाला बांधलेला होता आणि त्याचा दर 1927 पासून ठरलेला होता : एका रुपयाला 1 शिलिंग 6 पेन्स (पौंडाचे 20 शिलिंग, शिलिंगचे 12 पेन्स). म्हणजे एका पौंडाला 13 रुपये 5 आणे 4 पै. पौंडाचा डॉलरमधला दर 4.03 होता. भागाकार करा, डॉलर 3.31 रुपयांच्या आसपास येतो. सप्टेंबर 1949 मध्ये पौंडाचं अवमूल्यन झालं, त्यामागे रुपयाही उतरला आणि डॉलर 4.76 ला गेला. जून 1966 मध्ये तो 7.50 झाला. यात 'एक' कुठेच नाही. आणि समजा असता, तरी काय सिद्ध झालं असतं? एका डॉलरला शंभराहून जास्त येन मोजावे लागतात, म्हणून जपानी माणूस कंगाल ठरत नाही. विनिमयाचा दर आणि पैशाची खरेदीची ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मजकुरासोबत '1947 चं पाच पैशांचं नाणं' म्हणून फोटो येतो. तेव्हा रुपयाचे 16 आणे आणि 64 पैसे होते. दशमान नाणी (रुपयाचे 100 पैसे) 1 एप्रिल 1957 ला आली. पुढे जाऊ.

महागाई नव्हती? पहिल्या वेतन आयोगाचा अहवाल 1947 चाच आहे. त्याने सरकारी शिपायासारख्या सगळ्यात खालच्या नोकरासाठी महिना 55 रुपये सुचवले : 30 रुपये मूळ पगार आणि 25 रुपये महागाई भत्ता. जवळजवळ निम्मा पगार महागाईपोटी द्यावा लागत होता! युद्धात भाव भडकले होते, शहरांत रेशनिंग होतं. डिसेंबर 1947 पासून धान्यावरचं नियंत्रण उठवायला सुरुवात झाली, तेव्हा भाव असे वर गेले की पुढच्याच वर्षी ते परत आणावं लागलं.

आता सोनं, कारण लोक पैसे हलवतात ते यावरून. 88 चा आकडा मजकुरातलाच धरू. वाचणारा आजच्या पगारात 88 रुपयांचं सोनं घेऊन बघतो आणि हळहळतो. पण त्या शिपायाच्या हातात 55 रुपये पडणार होते. दहा ग्रॅमसाठी त्याला दीड महिन्याहून जास्त पगार, तोही पोटाला चिमटा काढून, मोजावा लागला असता. सातव्या आयोगाने 2016 पासून किमान मूळ पगार 18 हजार केला आणि त्या वर्षी सोनं 29 हजारांच्या घरात होतं. पुन्हा दीड महिन्याहून थोडं जास्तच. सत्तर वर्षांत शिपायाच्या पगाराने मोजलेलं सोनं जिथल्या तिथे! भावाशेजारी त्या काळची कमाई न मांडता केलेली तुलना म्हणजे शुद्ध दिशाभूल आहे, आणि त्यावरून कुणी म्हातारपणाची पुंजी हलवली तर नुकसान त्याचं एकट्याचं होतं.

एक मान्य करायला हवं. गेल्या काही वर्षांत सोनं पगाराच्या कितीतरी पुढे पळालं आहे. 2025 मध्ये ते लाखापार गेलं. पण पुढेही तसंच पळेल याची हमी त्यातून मिळत नाही.

आणि नोट झिजते, हेही खरं. औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाच्या (रोजच्या जिनसांचे भाव किती वाढले हे सांगणारा सरकारी आकडा) वेगवेगळ्या काळातल्या मालिका एकमेकींना जोडल्या, तर 1960 साली रुपयात येणाऱ्या जिनसांना आज नव्वदहून जास्त रुपये पडतात. कपाटात ठेवलेल्या रोकडीचं हेच होतं. ठेवीवर मात्र व्याज मिळतं. त्या व्याजातून कर आणि महागाईचा दर वजा करून हातात काय उरतं, हे बघून ठेव ठेवायची की मोडायची ते ठरवायचं असतं, आणि ही वजाबाकी त्या मजकुरात कुठेही नाही.