एकट्यानं झाडं मोजताना: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून मीही सविस्तर उत्तर देते. एकट्यानं वृक्ष सर्वेक्षणाला जाणाऱ्यांच्या जोखीम मूल्यांकनाबद्दल, म्हणजे निघण्याआधी संभाव्य धोके आणि त्यावरचे उपाय लिहून काढायच्या फॉर्मबद्दल, मी लिहिलं, ते तुम्हाला कागदी घोडे नाचवणं वाटलं. तुमचं म्हणणं असं: आम्ही झाडावर चढत नाही, करवत चालवत नाही, टेप आणि वही घेऊन फिरतो. पंधरा वर्षं एकटा फिरतोय, कधी काही झालं नाही. आणि हे फॉर्म म्हणजे उद्या काही झालं तर ऑफिसला हात वर करता यावेत म्हणून.

शेवटचा मुद्दा बऱ्याच ठिकाणी खरा आहे. फक्त जागेचं नाव बदलून तोच फॉर्म वर्षभर फिरत असेल, तर त्याचा काडीचा उपयोग नाही.

पण ‘टेप आणि वही’ इतकं साधं हे काम नाही. वीस मीटरच्या झाडाची उंची घ्यायची तर साधारण तितकंच मागे सरकावं लागतं. डोळे शेंड्यावर, हातात क्लिनोमीटर (उंचीसाठी कोन मोजायचं उपकरण), आणि पाय उलटे पडतायत. मागे खड्डा आहे, उतार आहे की रस्ता, ते दिसत नाही. मागची वाट आधी चालून बघायची, ही एक ओळ फॉर्ममध्ये असेल तर ती मला चार पानांपेक्षा मोलाची वाटते. दुसरं, बुंध्याशी अळंबी दिसली की आपण जवळ जातो, उकिडवे बसतो, हातोडीनं ठोकून पोकळ आवाज येतो का ते ऐकतो. म्हणजे ज्या झाडाचा भरवसा नाही, नेमक्या त्याच्याच खाली आपण सगळ्यात जास्त वेळ काढतो. वर तुटून अडकलेली फांदी असेल तर ती पडायला करवत लागत नाही, वारा पुरतो.

तरी माझा खरा मुद्दा वेगळा आहे. एकटं असल्यानं अपघात वाढतात असं मी म्हणत नाही. एकटं असल्यानं अपघातानंतरचा वेळ वाढतो. सोबत कोणी असेल तर पाय मुरगळला म्हणजे दिवस वाया गेला, एवढंच. एकट्यानं, रेंज नसलेल्या ठिकाणी, अंधार पडायच्या तासभर आधी तोच पाय मुरगळला तर? मोहोळाचंही तसंच. एक माशी चावली की त्या वासानं बाकीच्या तिथेच येतात. आणि ज्याला मधमाशीची तीव्र ॲलर्जी आहे, त्याच्या हातात काही मिनिटंच असतात. तेवढ्यात स्वतःच फोन लावणं जमेलच असं नाही.

मी हे कशावरून बोलते तेही सांगते. एका कामावर मी सहा वाजता ‘निघाले’ असा फोन करायचा, असं ठरलं होतं. फॉर्मवर तसं लिहिलेलं, खाली सही. त्या दिवशी मी शेवटच्या रांगेत रमले आणि फोन विसरले. साडेआठला घरी पोचल्यावर आठवलं. तोवर एकाही माणसानं मला फोन केला नव्हता. ज्यांनी वाट बघायची ते साडेपाचलाच घरी गेले होते. मला काही झालं नव्हतं, पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्यामुळे आता मी फॉर्ममध्ये आधी एकच जागा बघते: फोन आला नाही तर कोण, किती वाजता, काय करणार? तिथे ‘ऑफिस’ असं लिहिलेलं मला चालत नाही, माणसाचं नाव हवं. तो माणूस रजेवर असेल तर दुसऱ्याचं. गाडी कुठे लावली आणि कोणत्या बाजूनं सुरुवात केली, हेही त्याला माहीत हवं.

तुमच्या पंधरा वर्षांचा मला मनापासून आदर आहे. तुम्ही ढग बघून, वारा ऐकून, कुत्री हेरून वाट बदलता, ते मूल्यांकनच आहे. पण परवा नव्यानं रुजू झालेल्या मुलीला ते कुठून कळणार? वीज चमकल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर काम सोडायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास झाडांकडे फिरकायचं नाही, हे तिला कोणीतरी लिहून द्यायला हवं. आणि ‘मला इथे ठीक वाटत नाही’ म्हणून ती काम अर्धवट टाकून परतली, तर तिला जाब विचारला जाणार नाही, हेसुद्धा लिहून द्यायला हवं.

दर वेळी दोघांना पाठवणं परवडत नाही, हे तुमचं बरोबर आहे. आम्ही एकट्यानं बघायची झाडं आणि जोडीनं बघायची झाडं आधीच वेगळी करतो. उतारावरची, पोकळ बुंध्याची, मोहोळं असलेली झाडं एका दिवसावर ढकलतो आणि त्या दिवशी दोघं जातो.