खांद्याला गंज चढत नाही

‘फ्रोजन शोल्डर म्हणजे वापराअभावी गंजलेला खांदा. कोणाकडून तरी हात जोरात वर ओढून घ्या, कट्‌ आवाज आला की सुटला. इंजेक्शन नको, हाडं पोकळ होतात. काहीच नाही केलं तरी वर्षात आपोआप जातो.’ हा निरोप मला महिन्याभरात तीन ग्रुपांवर आला. माझा स्वतःचा उजवा खांदा आखडला होता, म्हणून गप्प बसवेना.

गंज कसला? सांध्याभोवतीचं आवरण आधी सुजतं, मग जाड होऊन आकसतं. दिवसभर कणीक मळणाऱ्या, धुणं वाळत घालणाऱ्या बायकांनाही हे होतं, बहुधा चाळिशी ते साठीत. हात बरेच दिवस गळ्यात बांधलेला असेल तर खांदा आखडतो, तेवढं खरं. पण मधुमेह आणि थायरॉईडशी याचं नातं जवळचं आहे, त्याबद्दल निरोपात अक्षर नाही. खांदा धरला की आधी रक्तातली साखर तपासा.

ओढून घेण्याचा सल्ला मात्र घातक. हाड मोडू शकतं, स्नायूबंध फाटू शकतो. नेदरलँड्समधल्या ७७ रुग्णांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. दुखणार नाही इतपतच हात हलवणाऱ्यांपैकी ८९ टक्क्यांचा खांदा दोन वर्षांत जवळजवळ पूर्ववत झाला. दुखणं सोसून जोरकस व्यायाम आणि ताण घेणाऱ्यांपैकी ६३ टक्क्यांचाच. सर्जनही कधी खांदा फिरवून सोडवतात, पण भूल देऊन. ब्रिटनमध्ये ५०३ रुग्णांवर झालेल्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत भूल देऊन खांदा फिरवणं, दुर्बिणीची शस्त्रक्रिया आणि इंजेक्शनसह फिजिओथेरपी यांपैकी कोणताच उपाय ठळकपणे सरस ठरला नाही.

हाडं ठिसूळ होतात ती स्टिरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्याने. सांध्यातलं स्टिरॉइडचं एखादं इंजेक्शन ही वेगळी गोष्ट. रात्री त्या कुशीवर झोपवत नाही, त्या सुरुवातीच्या टप्प्यात ते दुखणं चांगलं उतरवतं. महिनोन्‌महिने उलटून नुसता आखडलेपणा उरला की उपयोग कमी. मधुमेह असेल तर पुढचे काही दिवस साखर चढते, हे डॉक्टरांशी आधीच बोलून घ्यावं.

आणि ‘वर्षात आपोआप’? बहुतेकांचा खांदा सुटतो, पण एक ते तीन वर्षं धरून चाला, आणि काहींचा थोडा आखडलेपणा कायम राहतो. मला वीस महिने लागले. पाठीला साबण अजूनही डाव्याच हाताने लावते.