ब्लाउजचं माप म्हणजे ब्राचा नंबर नव्हे

नाशकातल्या बायकांच्या ग्रुपांवर 'योग्य ब्रा निवडायचे सोपे नियम' असा मेसेज फिरतोय. ब्लाउजचं माप तोच ब्राचा नंबर. सैल वाटली तर खांद्याचे पट्टे आवळा. एकदा नंबर कळला की कायमचा. आणि वायरची ब्रा वापरली किंवा रात्री काढली नाही तर कॅन्सर. चारही चूक.

सगळ्यात जास्त नुकसान पहिला नियम करतो, कारण आपण तो मेसेज येण्याआधीपासूनच पाळतोय. मेनरोडच्या गर्दीत काउंटरपलीकडच्या दादांकडे न बघता "छत्तीस द्या" म्हणायचं आणि पुडकं पर्समध्ये कोंबायचं. हे छत्तीस येतात टेलरताईंच्या वहीतून. त्या टेप फिरवतात ती छातीच्या भरलेल्या भागावरून. ब्राचा आकडा ठरतो त्याखाली, बरगड्यांवर. लेबल बघा, बऱ्याच ब्रांवर 34 च्या शेजारी 75 छापलेलं असतं. तो छातीखालचा घेर, सेंटिमीटरमध्ये. 32 ला 70, 36 ला 80. वरच्या आणि खालच्या घेरातल्या फरकावरून कप ठरतो: साधारण 12 ते 14 सेंमीला ए, 16 पर्यंत बी, 18 पर्यंत सी.

आता दोघी घ्या, दोघींची छाती 92 सेंमी, म्हणजे टेलरच्या हिशेबात छत्तीस इंचच. एकीचा खालचा घेर 75, फरक 17. तिला 34 सी हवी. दुसरीचा 79, फरक 13. तिला 36 ए. दुकानातून दोघी 36 बी घेऊन येतात. पहिलीचा मागचा पट्टा पाठीवर चढत राहतो, दुसरीच्या कपला चुण्या पडतात, आणि दोघींना वाटतं आपलंच अंग बेढब. कंपनीगणिक तक्ता थोडा हलतो, म्हणून त्या त्या कंपनीचा बघावा. ट्रायल रूम नसेल तर बदलून देणार का, हे पैसे देण्याआधीच विचारा. बरेच जण आतले कपडे परत घेत नाहीत.

पट्टे आवळण्याबद्दल. भार मुख्यतः खालच्या पट्ट्याने पेलायचा असतो. तो सैल असला की ओझं खांद्यांवर येतं, म्हणून तिथे वळ उठतात. आवळल्याने वळ खोल होतात, बाकी काही नाही. नवी ब्रा सगळ्यात बाहेरच्या हुकावर नीट बसायला हवी. आतले हुक पुढे इलॅस्टिक सैलावेल तेव्हासाठी. मग दोन्ही हात वर करा. दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागेत थिनिंगला बायकांचे हात दिवसभर वरच असतात. पट्टा दर वेळी वर सरकत असेल तर त्या तो खाली ओढणार की घड विरळणार?

कायमचा नंबर? वजन, बाळंतपण, अंगावर पाजणं, पाळी जाणं, सगळ्याने तो बदलतो. पुढे जाऊ.

कॅन्सरची भीती 1995 मध्ये अमेरिकेत निघालेल्या एका पुस्तकाने पसरवली: ब्रामुळे लसिका (अंगात रक्तासारखाच वाहणारा पातळ द्रव) तुंबते आणि विषारी द्रव्यं साचतात. 2014 मध्ये सिएटलच्या फ्रेड हचिन्सन केंद्रातल्या संशोधकांनी पाळी गेलेल्या, 55 ते 74 वयाच्या सुमारे दीड हजार स्त्रियांचा अभ्यास छापला. रोज किती तास घालता, वायर असते का, कितव्या वर्षी सुरू केली, सगळं विचारलं. कशाचाच कॅन्सरशी संबंध दिसला नाही. गाठ, कातडीला खळगा, बोंडातून रक्त किंवा पाणी दिसलं तर मात्र ब्रा बदलत बसू नका, डॉक्टरांकडे जा.

रात्री घालायची की नाही, हा तुमच्या सोयीचा प्रश्न. वायर टोचते हे मात्र अगदी खरं. बहुतेकदा ती बरगडीवर बसायची सोडून छातीवर चढलेली असते, काखेकडच्या बाजूला जास्त. वायर सोडण्याआधी पट्ट्याचा नंबर तोच ठेवून कप एक अक्षर मोठा घालून बघा.