आलं का, भाई?

दहा एमबी म्हणजे नेमकं किती, हे ज्याला कळून घ्यायचंय त्याने ते 1997 साली परभणीहून औरंगाबादला फोनवरून पाठवून बघायला पाहिजे होते. मी तेव्हा एका डीटीपीच्या दुकानात होतो. एका साप्ताहिकाच्या दिवाळी अंकाची पानं आम्ही लावायचो आणि छपाई औरंगाबादला व्हायची. त्या पानांची फाइल झाली दहा एमबीची. आमच्याकडे विंडोज 95 आणि प्रेसवाल्यांकडे मॅक, म्हणजे सोयरीक जुळायच्या आधीच पत्रिकेत खोट.

आता कुणी म्हणेल फ्लॉपी का नाही दिली. फ्लॉपीत मावतं 1.44 एमबी. झिप करून तुकडे पाडले तरी सात फ्लॉप्या, आणि सातातली एक जरी एसटीत मेली तर बाकीच्या सहा चहाच्या कपाखाली ठेवायच्या कामाच्या, कारण तुकड्यांची झिप पूर्ण असली तरच उघडते. म्हणून मालकांनी मोडेम, म्हणजे कॉम्प्युटर फोनच्या लाइनला जोडायचा डबा, आणला. डब्यावर 28,800 लिहिलेलं, म्हणजे सेकंदाला साडेतीन केबी, म्हणजे पाऊण तासात काम फत्ते, असं त्यांनी कॅल्क्युलेटरवर काढून पण दाखवलं.

कॅल्क्युलेटरला परतीचा पाऊस माहीत नसतो ना. दोन्ही मोडेम आधी एकमेकांवर किंचाळून लाइन कशीय ते बघतात, आणि खरखर ऐकू आली की आपणहून खाली उतरतात, 28 चे 14, 14 चे 9600, तिथं मग पाऊण तासाचे अडीच तास होतात, आणि हे सगळं एसटीडीवर, म्हणजे परगावच्या महागड्या कॉलवर चाललेलं, मीटर पळायलंय, म्हणून हा कारभार रात्री उशिरा, कॉलचा पाव दर लागल्यावरच करायचा.

बरं, लाइन एकच. आधी साधा फोन लावायचा, "भाई, तयार का?" भाई म्हणजे प्रेसचा ऑपरेटर. तिकडून, "हौ, आने दो." मग फोन ठेवायचा आणि मोडेम लावायचा. इथून पुढं दोघं पण मुके. फाइल तिकडं पोचायलीय का हे विचारायचं तर लाइन मोकळी पाहिजे, आणि लाइन मोकळी करायची म्हणजे फाइल तोडायची! मी इकडं लुकलुकणारे दिवे बघत बसलेलो, भाई तिकडं.

त्यात आमचं दोघांचं जमलं ते एक्समोडेमवर, म्हणजे मोडेमवरून फाइल पाठवायच्या एका पद्धतीवर. हा वॉर्ड ख्रिस्टेनसेन नावाच्या माणसाने 1977 मध्ये लिहिलेला, मोठा सरळमार्गी कारभार. फाइलमधले 128 बाइट घ्यायचे, त्यांची बेरीज सोबत जोडून पाठवायचे आणि थांबायचं. समोरचा म्हणतो पोचलं. मग पुढचे 128. पुन्हा थांबायचं. दहा एमबीचे असे ऐंशी हजारावर तुकडे, आणि प्रत्येकाची पोच घेतल्याशिवाय गडी पाय उचलत नाही. तुटलं की पुन्हा पहिल्यापासून. तुटल्या जागेवरून पुढं चालू करणारा झेडमोडेम 1986 पासून होता, आमच्याकडे पण होता, पण भाईच्या मॅकवरच्या प्रोग्राममध्ये नव्हता, आणि एकट्याने टाळी वाजवून काय होतंय.

तुटायचं पण कशाने, तर आजीने. मालकांची आई वर माडीवर राहायची आणि फोनचं पॅरलल कनेक्शन वर गेलेलं. आजीची लेक पुण्याला, ती पण पाव दरातच फोन करणार ना, सगळा मराठवाडा आणि अर्धं पुणं त्याच वेळेला जागं असायचं. आता लेकीला लागायला एंगेज, आजीला वाटणार आपला फोन मेला, म्हणून ती उचलून बघणार. आणि उचलला की नुसतं ऐकून ठेवायचं नाही, "हॅलो, हॅलो, कोण बोलायलंय?" एक्समोडेम त्या हॅलोचा पण हिशोब करतो, बेरीज चुकली म्हणून तुकडा परत मागतो, आजी अजून जोरात हॅलो म्हणते, आणि लागोपाठ दहादा चुकलं की गडी सरळ काम सोडून मोकळा होतो. मग वरून आवाज, "आरं, फोनमधी भजे तळायलेत का काय?"

शेवटी एका रात्री लाइट पण टिकली, आजी पण झोपली आणि फाइल गेली. पूर्ण गेली. लगेच फोन लावला, "आलं का, भाई?"

"आया तो है. लेकिन मराठी नहीं है."

झालं असं की तेव्हाचे मराठी फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या नंबरावर मराठी चित्रं बसवलेली. 127 पर्यंतचे नंबर विंडोज आणि मॅकमध्ये सारखे, त्याच्या पुढं ज्याचे त्याचे वेगळे. फाइल मॅकवर उघडताना प्रोग्रामला वाटतं हा डोक्यावर टोपी असलेला फ्रेंच ए आहे, मॅकमध्ये याचा नंबर वेगळा, चला बदलून देऊ. तो फ्रेंच ए म्हणजे आमचा ष्ट होता हो! अग्रलेखात 'महारा' नंतर काहीतरी भलतंच, आणि काही काही शब्द एकदम शाबूत, ते बघून जास्तच संताप यायचा. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला सगळीकडे एकच नंबर देणाऱ्या यादीत, देवनागरी 1991 पासूनच होती, पण ती आमच्या गल्लीत यायला अजून लई वेळ होता.

मग काय, बनी तो बनी, नहीं तो परभणी. सगळी पानं लेझर प्रिंटरवर बटर पेपरवर काढली, गुंडाळी करून रात्रीच्या गाडीच्या ड्रायव्हरच्या हातात दिली, भाईने सकाळी स्टँडवरून उचलली आणि थेट त्याच्यावरून छपाईच्या प्लेटी केल्या. ष्ट जिथल्या तिथं.

फक्त संपादकीयात एक ओळ आधीच लागलेली होती, "प्रस्तुत अंक परभणीहून औरंगाबादेस संगणकाद्वारे, दूरध्वनीच्या तारेतून पाठवण्यात आला आहे." मी म्हटलं, साहेब, काढू का? ते म्हणाले, "राहू द्या हो, जाहिरातदारांना बरं वाटतं."