पेपरात आलं म्हणजे झालं?

आज परत तोच प्रकार. पाण्यावर चालणारी स्कूटर, म्हणे 'शास्त्रज्ञही थक्क'! चॅनेलवाला अर्धा तास त्या संशोधकाचं कौतुक करत होता आणि शेवटी एका प्राध्यापकांना जेमतेम दोन वाक्यं. ते बिचारे सांगत होते, पाणी इंधन नाही, ती जळून गेलेल्या हायड्रोजनची राख आहे. तो परत वेगळा काढायला जेवढी ऊर्जा घालाल तेवढीही हाती लागत नाही. तर अँकर हसून म्हणतो, "म्हणजे आपल्याच माणसाचं यश बघवत नाही!" डोकंच फिरलं.

डिचोलीचा मामा आठवला. पेपरातली बातमी वाचून (जाहिरात नव्हे, बातमी!) त्याने प्लगला लावायचा 'वीज वाचवणारा' डबा घेतला. बिल काही उतरेना. मी डबा उघडला तर आत एक कपॅसिटर (थोडा वेळ वीज साठवणारा छोटा भाग) आणि एक हिरवा दिवा. घरचा मीटर युनिटं मोजतो, ती कपॅसिटरने कमी होत नाहीत. कारखान्यांच्या बिलाचं गणित वेगळं. सगळं समजावलं. मामा म्हणतो, "अरे, पण पेपरात आलेलं!"

काय बोलणार?

१९९६ मध्ये रामर पिल्लईच्या झाडपाल्याच्या पेट्रोलने देशभर धुमाकूळ घातला. पेट्रोलियम पदार्थच मिसळून 'हर्बल' म्हणून विकल्याबद्दल त्याला चेन्नईच्या कोर्टाने ३ वर्षांची शिक्षा दिली, ती २०१६ मध्ये. पेट्रोल सगळ्यांना आठवतं, शिक्षा किती जणांना? १९८९ मध्ये पॉन्स आणि फ्लाइशमन या रसायनशास्त्रज्ञांनी कोल्ड फ्यूजन, म्हणजे साध्या तापमानाला अणुकेंद्रं जोडून ऊर्जा मिळवल्याचा दावा, पत्रकार परिषदेत जाहीर केलं, शोधनिबंध छापून यायच्या आधीच. जगभरच्या प्रयोगशाळांनी ते करून पाहिलं, हमखास असं कुणालाच जमलं नाही. पण करून तर पाहिलं ना? ज्यांना आपण 'जळतात' म्हणतो त्यांनीच!

हो, तज्ज्ञही शिष्ट असतात. राइट बंधूंवर कुणाचा विश्वास नव्हता, तेही मान्य. पण त्यांनी १९०८ मध्ये फ्रान्सात सगळ्यांदेखत उडून दाखवलं आणि वाद मिटला.

आणि सगळेच लबाड असतात असंही नाही. आपल्या गोव्याच्या सीमेपलीकडे, कर्नाटकातल्या कैगा अणुवीज प्रकल्पावर मोठ्या हुद्द्यावर काम केलेले परमहंस तेवारी घातलेल्या विजेपेक्षा जास्त वीज देणारा जनरेटर केल्याचं सांगत. त्यांची तळमळ खरी असेल, पण तो दावा काही विज्ञानजगताने स्वीकारला नाही. बातमीत या दोन्ही गोष्टी लिहायला अशी कितीशी शाई लागते?

पावसात माडाची झावळ तारांवर पडली की आमच्याकडे रात्रभर काळोख. त्यात गोव्याची बहुतेक वीज बाहेरून येते. स्वस्त विजेची आशा कुणाला नसेल? मामालाही होती. पेन्शनीतून घेतला त्याने तो डबा. लोक त्याला हसतात तेव्हा मला वाईट वाटतं, छापणाऱ्याला मात्र कुणीच हसत नाही. दुरुस्तीची एक ओळ तरी आली का त्या पेपरात? अजून वाट बघतोय.

हे टाइप करतानाच फोंड्याच्या मित्राचा मेसेज: त्या स्कूटरचं बुकिंग सुरू झालंय, भरू का पैसे? नको रे पात्रांव. आधी मला फोन कर. जागाच आहे मी.