भूपातला तीव्र मध्यम

बुवा काळी एकमध्ये भूप गातायत. आलाप थांबतो, आणि त्या शांततेत स्पीकरमधून घुंऽऽऽ ऐकू येतं. घरातलं कुणीतरी कौतुकाने म्हणतं, "तानपुरा छान लागलाय हो." छान कसला! आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे हा हम, म्हणजे ही गुणगुण, लागतो 50 किंवा 100 हर्ट्झवर, म्हणजे पेटीतल्या पांढरी पाचच्या किंचित वर. काळी एकला षड्ज धरला तर तो झाला चढा तीव्र मध्यम. भूपात मध्यमच नाही, आणि इथे तो अखंड चालू!

अशा वेळी पहिला सल्ला मिळतो तो भारीतल्या वायरीचा. माझं ऐका, पाकीट खिशातच ठेवा. हम विकत काहीतरी आणून जात नाही, एकेक गोष्ट काढत गेलं की सापडतो.

आधी आवाज स्पीकरमधूनच येतोय ना, ते पाहा. ॲम्पच्या, म्हणजे ॲम्प्लिफायरच्या, डब्याला कान लावा. गुणगुण डब्यातून असेल तर ट्रान्सफॉर्मरच्या पट्ट्या ढिल्या असतील. ते दुखणं वेगळं. स्पीकरमधून असेल तर व्हॉल्यूम शून्यावर आणा. हम तसाच राहिला तर चोर व्हॉल्यूमच्या पुढे, बहुधा पॉवर सप्लायमध्ये. व्हॉल्यूमबरोबर कमी-जास्त झाला तर मागे, इनपुटच्या बाजूला.

आता ॲम्प बंद करून मागच्या इनपुटच्या सगळ्या पिना उपटा. एका जुन्या आरसीए पिनेत (ऑडिओ वायरीच्या टोकाला असते ती गोल पीन) मधली दांडी आणि बाहेरचं कडं डाख देऊन जोडून घ्या, ती इनपुटमध्ये खोचा आणि ॲम्प चालू करा. ॲम्प शांत झाला तर तो निर्दोष. मग एकेक वायर परत लावायची, दर वेळी ॲम्प बंद करून. हे न करणाऱ्याला वूफर 'धाड्' असा आवाज काढून धडा शिकवतो.

वायरीतला दोष बहुतेकदा पिनेच्या मानेशी असतो. तिथे वायर वाकून वाकून बाहेरची जाळी तुटते, मधली तार मात्र शाबूत. अशी वायर गाणं बंद करत नाही, घरभरची वीज गोळा करून आणते. मल्टिमीटरचे दोन काटे दोन्ही टोकांच्या कड्यांना लावा आणि वायर हलवा. एक ओहमच्या आत स्थिर आकडा दिसला तर ठीक. आकडा नाचला तर पीन कापून नवी लावा.

टर्नटेबलवाल्यांनी आणखी लवून पाहावं. सीडी प्लेअर 2 व्होल्ट देतो, टर्नटेबलच्या सुईची मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज जेमतेम 5 मिलिव्होल्ट. चारशे पटींचा फरक, त्यात हा क्षीण सिग्नल वाढवणारा फोनो प्रीॲम्प खर्ज आणखी उचलून धरतो. म्हणून ती बारीक हिरवी किंवा काळी अर्थची तार ॲम्पमागच्या स्क्रूला घट्ट हवी. टर्नटेबल ट्रान्सफॉर्मरपासून लांब सरकवा; हम बदलला की कारण कळलंच.

पण खरा नामचीन गुन्हेगार म्हणजे टीव्हीची केबल. ॲम्पचं अर्थिंग थ्रीपिनमधून एकीकडे जातं, केबलची जाळी गच्चीवर दुसरीकडेच कुठेतरी अर्थ झालेली असते. दोन अर्थांमध्ये थोडा व्होल्टेजचा फरक असतोच. त्या फरकामुळे आपल्या आरसीएच्या जाळीतून वीज वाहायला लागते, आणि ॲम्पला संगीत कुठलं नि पांढरी पाच कुठली, ते कळत नाही. परीक्षा सोपी: सेट टॉप बॉक्समागची केबल काढा. हम थांबला तर झालं. पण ही केबल संध्याकाळी मालिकांच्या वेळात काढू नये.

उपाय म्हणून केबलवर आयसोलेटर मिळतो, तो जाळीतून जाणारी ही वाट तोडतो. डीटीएचला मात्र तो चालत नाही, कारण त्याच तारेतून छत्रीला 13 किंवा 18 व्होल्टचा डीसी जातो. तिथे बॉक्स आणि ॲम्पच्या मध्ये 1:1 ऑडिओ ट्रान्सफॉर्मर लावा. टीव्ही आणि ॲम्प दोन्हीला ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशावर चालणारी, जोडणी असेल तर आणखी छान. प्रकाशाला अर्थिंग नसतं. ॲम्प, सबवूफर, टीव्ही सगळं एकाच बोर्डावर घेतलं तरी कित्येकदा निम्मा हम विरतो.

एक मात्र करू नका. प्लगची वरची जाडी पीन काढून टाकण्याचा सल्ला देणारा प्रत्येक गल्लीत असतो. हम जातो, हे खरं. पण आत फेज डब्याला चिकटला तर डबाच जिवंत होतो, आणि मग गाणं ऐकायला आपण उरू याची खात्री नाही.

चोर सप्लायमध्येच निघाला तर हम 100 हर्ट्झचा, जाडसर, दोन्ही स्पीकरमधून सारखा. वीसेक वर्षांच्या ॲम्पमध्ये सप्लायची वीज सपाट करणारे फिल्टर कंडेन्सर बऱ्याचदा आटलेले असतात. 4700 मायक्रोफॅरड, 50 व्होल्ट असं काहीतरी अंगावर छापलेलं असतं. नवा आणताना व्होल्टेज तितकंच किंवा जास्त घ्या, कमी कधीच नाही, आणि ऋण पट्टी ज्या बाजूला होती त्याच बाजूला ठेवा. स्विच काढल्यावरही जुना भरलेला असतो, म्हणून बोट लावण्याआधी मीटर लावा. हात सरावाचा नसेल तर सरळ मेकॅनिककडे न्या.

शेवटी सगळं जागेवर लावताना मेनच्या वायरी एका बाजूला, सिग्नलच्या दुसऱ्या बाजूला. ओलांडायचंच तर काटकोनात. आणि ती टीव्हीची केबल आधी लावा. सव्वाआठ झालेत, आतून दोनदा विचारून झालंय.