सकाळची प्रार्थना आणि दुपारचं मन

गेली कित्येक वर्षं माझी सकाळ प्रभूबरोबर सुरू होते. बायबल, एक वही, पेन आणि घरात कुणी उठायच्या आतला अर्धा-पाऊण तास. या वेळेने मला किती वेळा सावरलंय ते माझं मलाच ठाऊक. म्हणून तिच्याविरुद्ध मी एक अक्षरही लिहिणार नाही. पण एक गोष्ट बरेच दिवस मनात सलते आहे, ती आज लिहून टाकते. सकाळी "प्रभू, आजचा दिवस तुझा" असं म्हणणारी मी दुपारी दोन वाजता कुठे असते?

देहाने कामात असते. मनाने कुठेही. कोण काय बोललं, कुणी उत्तर दिलं नाही, पुढच्या महिन्याचं कसं होणार, अमक्याला मी असं सुनवायला हवं होतं. सकाळपासून देवाचं नाव एकदाही मनात आलेलं नसतं. पाप म्हणावं असंही काही घडलेलं नसतं, आणि मला भीती वाटते ती याचीच. पाप घडलं तर मन टोचतं, माणूस गुडघ्यावर येतो. विसर पडला तर काहीच टोचत नाही. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की आठवतं, अरे, आज आपण सकाळनंतर त्याच्याशी बोललोच नाही. मग डोळे मिटता मिटता दोन वाक्यांची प्रार्थना होते, आणि तीही पूर्ण व्हायच्या आत झोप लागते.

आपण देवाला दिवसाची दोन टोकं देतो आणि मधला सगळा दिवस स्वतःकडे ठेवतो. हे मी आधी माझ्याबद्दल म्हणते आहे.

आपल्या शिकवणुकीतही भर सकाळवर असतो. प्रभू येशू पहाटे उठून एकांती गेला, हे मार्कच्या पहिल्या अध्यायातलं वचन आपल्याला पाठ असतं. पण पवित्र शास्त्रात दुपारही भरपूर आहे. अब्राहाम भर उन्हाच्या वेळी तंबूच्या दाराशी बसला होता, तेव्हा परमेश्वराने त्याला दर्शन दिलं. शोमरोनी बाई विहिरीवर पाणी भरायला आली ती सहाव्या ताशी, म्हणजे टळटळीत दुपारी, आणि त्या वेळी प्रभू स्वतः प्रवासाने थकून तिथे बसला होता. प्रभूचा शिष्य पेत्र धाब्यावर, म्हणजे घराच्या गच्चीवर, प्रार्थनेला गेला तोही सहाव्याच ताशी. पंचावन्नाव्या स्तोत्रात दावीद म्हणतो की संध्याकाळी, सकाळी आणि दुपारी मी माझं गाऱ्हाणं मांडीन. ते स्तोत्र जिवाभावाच्या मित्राने दगा दिल्यावरचं आहे. अशी जखम सकाळच्या एका प्रार्थनेत भागत नाही. ती दुपारी पुन्हा ठसठसते, हे त्याला माहीत होतं.

दुपारचं मन घसरतं ही काही मोबाईलच्या जमान्यातली गोष्ट नाही. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात एव्हाग्रियस नावाचा एक संन्यासी राहत होता. इ.स. 399 मध्ये तो वारला. घरदार, मानमरातब सगळं सोडून, फक्त देवासाठी म्हणून वाळवंटात गेलेल्या माणसांचं दुपारी काय होतं ते त्याने लिहून ठेवलंय. सूर्य जागचा हलतच नाही असं वाटतं. संन्यासी सारखा खिडकीकडे बघतो. बाहेर येऊन नवव्या ताशाला, म्हणजे तीन वाजायला, अजून किती अवकाश आहे याचा अंदाज घेतो. कुणी बंधू भेटायला येतोय का म्हणून इकडेतिकडे पाहतो. मग ही जागा नकोशी होते, हातातलं काम नकोसं होतं, इथे कुणाचं कुणावर प्रेमच उरलं नाही असं वाटायला लागतं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाचता वाचता थांबले. दर पाच मिनिटांनी मी फोन उचलून बघते, कुणाचा काही आलाय का, तेव्हा मी त्याच खिडकीशी उभी असते. सोळाशे वर्षांपूर्वीचा माणूस माझी दुपार लिहून गेला होता.

यातून मला दिलासा मिळाला आणि एक समजही मिळाली. मन भरकटतं ते काम फार आहे म्हणून किंवा जग वाईट आहे म्हणूनच असं नाही. त्या माणसाकडे तर यातलं काहीच नव्हतं. मन भरकटतं कारण ते मन आहे. तेव्हा "निवृत्त झाले की देवाला वेळ देईन", "मुलं मोठी झाली की नीट प्रार्थना करीन" हे मी स्वतःशी बोलणं आता सोडलंय.

आता मार्थेबद्दल. तिच्यावरचे उपदेश ऐकताना मला दर वेळी वाईट वाटतं. लूकच्या दहाव्या अध्यायातली ती एक गोष्ट घेऊन आपण तिला कायमची नापास करून टाकली आहे. प्रभू घरी आला तेव्हा त्याच्या पायाशी बसून ऐकणारी तिची बहीण मरिया शहाणी, आणि मार्था पाहुणचाराच्या कामात बुडालेली. पण तिथे लिहिलंय काय? कामामुळे तिची तारांबळ झाली. मूळ ग्रीक शब्दात चहूकडून ओढलं जाण्याचा अर्थ आहे. प्रभूने तिला "काम करू नकोस" असं म्हटलेलं नाही. तू पुष्कळ गोष्टींविषयी काळजी आणि दगदग करतेस, असं म्हटलं, आणि तेही तिचं नाव दोनदा घेऊन. आपल्या माणसाला आपण असंच हाकारतो, त्यात राग नसतो.

पुढचं तर फारसं कुणी सांगतच नाही. त्यांचा भाऊ लाजर मेला, प्रभू उशिरा आला. तेव्हा मरिया घरातच बसून राहिली, आणि उठून वाटेत सामोरी गेली ती मार्था. "तू देवाचा पुत्र ख्रिस्त आहेस" ही कबुली, जी पेत्राने दिली म्हणून आपण पेत्राला एवढा मान देतो, ती योहानाच्या अकराव्या अध्यायात मार्थेच्या तोंडी आहे. बाराव्या अध्यायात पुन्हा त्याच बेथानीत मेजवानी आहे, आणि योहान एवढंच लिहितो की मार्था वाढत होती. पुन्हा तेच काम, तेच हात. पण या वेळी तक्रार नाही, बहिणीकडे बघणं नाही, "हिला सांग ना मला मदत करायला" नाही. काम तेच राहिलं आणि ओढाताण गेली. मला हे होईल का? माझी सगळी प्रार्थना आज या एका प्रश्नापाशी येऊन थांबते.

नहेम्या मला यात फार मदत करतो. तो पारसाच्या राजाचा प्यालेबरदार, राजाला प्याला देणारा, म्हणजे नोकरदार माणूस. राजाच्या समोर उभा आहे, चेहरा उतरलेला आहे. राजा विचारतो, तुझं मागणं काय आहे? नहेम्या स्वतःच लिहितो की तो फार घाबरला होता. राजाचा प्रश्न आणि त्याचं उत्तर यांच्यामध्ये किती वेळ गेला असेल? एक श्वास, फार तर दोन. तेवढ्यात त्याने स्वर्गीच्या देवाची प्रार्थना केली आणि मग तोंड उघडलं. डोळे मिटले नाहीत, हात जोडले नाहीत, शेजारी उभ्या असलेल्यालाही काही कळलं नसेल. त्या प्रार्थनेचे शब्दसुद्धा लिहिलेले नाहीत. कामाच्या जागी, वरिष्ठासमोर, भीतीने पोटात गोळा आलेला असताना करायची प्रार्थना अशीच असते.

पण तारखा पाहा. त्याच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात यरुशलेमचा तट पडल्याची बातमी येते तो किसलेव महिना आहे, आणि राजाच्या समोरचा हा प्रसंग निसान महिन्यातला. मध्ये चार महिने गेलेत, आणि त्यात उपास आहे, रडणं आहे, रात्रंदिवस केलेली विनवणी आहे. त्या चार महिन्यांच्या साठ्यातून तो एक श्वास निघाला. म्हणून जेव्हा कुणी म्हणतं, "मी काम करता करताच प्रार्थना करतो, वेगळं बसायची मला गरज नाही", तेव्हा मला पटत नाही. मीही हे करून पाहिलंय. काही महिने बरं चाललं आणि मग श्वासाएवढ्या प्रार्थनाही आटल्या. विहिरीत पाणीच नसेल तर दोर कितीही लांब असून काय उपयोग? बसून केलेली प्रार्थना हवीच. आणि तिथे भरलेलं दुपारी काढताही आलं पाहिजे. माझं घोडं या दुसऱ्या गोष्टीवर अडलेलं होतं.

"निरंतर प्रार्थना करा" असं पौल थेस्सलनीकाकरांना लिहितो. त्याच पत्रात तो असंही लिहितो की कुणावर भार पडू नये म्हणून आम्ही रात्रंदिवस कष्ट केले. तंबू शिवणारा माणूस होता तो. बोटांना घट्टे पडलेल्या माणसाने हे लिहिलंय, रिकामपणी बसलेल्याने नाही. आणि कलस्सैकरांस पत्रातलं ते वचन, जे काही करता ते माणसांसाठी म्हणून न करता प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा, हे आपण सुंदर अक्षरात छापून भिंतीवर लावतो. त्याच्या आधीचं वचन वाचा. ते दासांना लिहिलेलं आहे. ज्यांच्या दिवसातला एक ताससुद्धा स्वतःचा नव्हता, त्यांना. "मला वेळच मिळत नाही" हे वाक्य माझ्या तोंडात आलं की मला ते दास आठवतात.

एक प्रसंग सांगते. माझ्या बाबांना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली. उजवी बाजूही गेली. तीन वर्षं ते अंथरुणाला होते. एका दुपारी मी त्यांची नखं काढत बसले होते. डाव्या हाताची, चांगल्या हाताची. फोन खांदा आणि कानाच्या मध्ये धरलेला. पलीकडून आमच्या मंडळीतलीच, म्हणजे चर्चमधलीच, एक बहीण, मंडळीतल्याच एका भांडणाबद्दल बोलत होती, आणि मी पण हिरिरीने बोलत होते. नेलकटर जरा आत गेलं. अनामिकेवर रक्ताचा एक थेंब आला.

बाबांनी हात ओढून घेतला नाही. घेता आला असता, तो हात चालता होता. मी वर पाहिलं. ते माझ्याकडे रागाने किंवा दुखून बघत नव्हते. ते माझ्या हाताकडे बघत होते. मला तेव्हा जाणवलं की मी बसल्यापासून ते माझ्या हाताकडेच बघत होते. बोलता येत नव्हतं, तेव्हा पाणी हवंय, कूस बदलायची आहे, हे सगळं माझ्या हाताच्या हालचालीवरच अवलंबून होतं. माझा हात कुठे जातो त्याकडे त्यांचं सगळं लक्ष. आणि माझं लक्ष एका भांडणात.

मी फोन बंद करून दुसऱ्या खोलीत ठेवून आले. बोट दाबून धरलं, रक्त थांबलं. उरलेली दोन नखं मी फार सावकाश काढली. काही बोलले नाही, प्रार्थनेचे शब्दही सुचले नाहीत. पण त्या दहा मिनिटांत देव त्या खोलीत होता, हे मी आजही शपथेवर सांगेन. माझं लक्ष पहिल्यांदा तिथे होतं जिथे माझे हात होते.

त्यानंतर मी सुधारले असं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच. पण एक बदल झाला. आधी लक्षात आलं की मी तासभर स्वतःला बोल लावत बसायचे, मी कसली विश्वासणारी, माझी साक्ष कसली. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात स्वयंपाकघरात राबणारा ब्रदर लॉरेन्स नावाचा साधा माणूस होता. स्वयंपाकघराचं काम त्याला मनापासून आवडायचं नाही. तरी तिथे तो देवाच्या सहवासात राहायला शिकला. त्याचं चुकलं की तो देवाला सरळ सांगायचा, तू मला माझ्यावर सोडलंस तर मी दुसरं काय करणार, आणि मग त्या चुकीचा घोर न लावता पुन्हा कामाला लागायचा. हे मला उद्धटपणाचं वाटायचं. आता वाटतं की खरी नम्रता तीच आहे. तासभर स्वतःला कोसणं म्हणजे तो तासही मी स्वतःकडेच बघत घालवला. देवाकडे वळायला लागतो एक श्वास. तो नहेम्याकडे होता, माझ्याकडेही असतो.

मी सध्या काय करते ते सांगते, नियम म्हणून नाही. सकाळच्या वाचनातलं एकच वचन, शक्यतो चार-पाच शब्दांचं, कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून जवळ ठेवते. फोन उचलण्याआधी "प्रभू" एवढंच म्हणते. ज्याचा फोन आहे त्याचं नाव मग प्रभूपुढे आपोआप येतं, आणि खरं सांगते, बोलण्याची धार बरीच कमी होते. काही दिवस मन अगदी कोरडं असतं, चिठोऱ्यावरचं वचन वाचून काही म्हणजे काही वाटत नाही. तरी वाचते. बाबांना तरी रोज माझ्याकडे बघून काय वाटत असेल? पण नजर हलायची नाही.

बाबा आता प्रभूकडे आहेत. ते गेल्यावर एका रात्री स्तोत्रं वाचताना एकशे तेविसावं स्तोत्र आलं. दासांचे डोळे जसे धन्याच्या हाताकडे लागलेले असतात, तसे आमचे डोळे आमच्या देवाकडे लागले आहेत, तो आमच्यावर कृपा करीपर्यंत. किती वेळा वाचलं होतं ते आधी. त्या रात्री मला पुढे वाचता येईना.

दुपारी तीनच्या सुमाराला, त्यांची कूस बदलायची ती वेळ झाली की माझे हात अजूनही नकळत थांबतात. तेव्हा मी ते स्तोत्र वाचते. चारच वचनं आहेत, एक मिनिटसुद्धा लागत नाही. मग परत कामाला लागते.